हाडांच्या अंबुजाबाई

करमाळ्यात मी सगळ्यांची नक्कल करायचो. हेडमास्तर, तलाठी, एसटीचा कंडक्टर, आमच्या वडलांची शिंक. अंबुजाबाई मात्र मला अजून पुरत्या जमलेल्या नाहीत. कारण त्यांची नक्कल करताना त्यांनी स्वतः मला पकडलं आणि दुरुस्त्या सांगितल्या. मूळ मालकानंच दुरुस्त्या सांगितल्यावर नकलेत मजा राहत नाही, तिचा अभ्यास होतो.

मी चेन्नईला गेलो तो दाजींमुळं. दाजी चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावी सरकारी कारखान्यात. बारावीनंतर दोन वर्षं मुलगा काय करतो, या प्रश्नाला आमच्या घरी उत्तर नव्हतं. दाजी म्हणाले, पाठवा इकडं, गिंडीत मालिशचा कोर्स आहे, सहा महिने, हाताला काम मिळेल. वडील म्हणाले, "तोंडाला आहेच. हाताला मिळालं तर बघा."

गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत खाली लेथचं वर्कशॉप आणि वर आमचा वर्ग. लेथ सुरू असला की काही ऐकू यायचं नाही. तेवढा वेळ बाई हातानं शिकवायच्या. लाइट गेली, लेथ थांबला, की त्या भराभर बोलून घ्यायच्या. त्यामुळं त्यांचे सगळे मोठे विचार मी घामानं थबथबून, पंखा बंद असताना ऐकलेले आहेत.

बाई साठीच्या पुढच्या. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. कॉटनची साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. सरकारी इस्पितळात हाडं बसवायच्या, प्लास्टर घालायच्या खोलीत आयुष्य काढून रिटायर झालेल्या. घर मूळ तंजावरकडचं. पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझ्या नावावर थांबल्या. वर्गात बाकी सगळे तमिळ.

"मराठी काय रे तूं? कोठला?"

"करमाळा, मॅडम. सोलापूरकडं."

"आमचे लोक इकडे येऊन पुष्कळ पिढ्या झाल्या. तूं आत्ता येत्योस?" त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "उशीर केलास, पा."

मी म्हटलं, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, मी ॲडजस्ट करून घेतो."

"ह्या वाक्यांत मराठी कोठें आहे तें बोट ठेवून दाखीव."

मी बोट वर केलं आणि खाली घेतलं. त्या म्हणाल्या, "बरें, आधीं तण्णी पिऊन ये. सीक्रम." पा म्हणजे बाबा, तण्णी म्हणजे पाणी आणि सीक्रम म्हणजे लवकर. हे तमिळ आहे हे बाईंना बहुतेक कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. पुढं सहा महिने राहायचं होतं.

वर्गाला त्या तमिळमध्ये सांगायच्या, मला तेच मराठीत. रोज सकाळी पहिली तपासणी नखांची. बघून नाही. पदराचं टोक पुढं करायच्या आणि आम्ही त्यावरून दहाही बोटं फिरवायची. एखाद्या नखात धागा अडकला की तो माणूस त्या दिवशी कुणाला हात लावणार नाही, नुसता बघेल. "माझी साडी जुनी आहे, तिला कळतें. माणसाचें कातडें लाजेनें सांगत नाहीं." त्यांच्या सगळ्या साड्यांचे पदर एका बाजूनं उसवलेले असायचे. आमच्या बॅचच्या आधीच्या सगळ्या बॅचेसची नखं त्या पदरात होती.

सांगाडा नव्हता. म्हणजे भिंतीवर चित्र होतं, पण त्याच्याकडं त्या बघायच्या नाहीत. सोमवारी आम्ही काळे टी-शर्ट घालून यायचं. मग बाई कोलमचा खडू घेऊन, म्हणजे दारात रांगोळी काढतात तो, एकेकाच्या पाठीवर त्याचीच हाडं काढायच्या. आधी बोटानं चाचपून खरं हाड शोधायचं, मग त्यावर रेघ. खांद्याची पाती काढताना म्हणायच्या, "हात वर कर. आतां खालीं. पाहिलेंस, चित्र तेथेंच राहिलें आणि हाड निसटून गेलें. पुस्तकांत तें निसटत नाहीं. म्हणून पुस्तक खोटें."

एका सोमवारी माझ्या पाठीवर अख्खा मणका काढला होता. घरी निघालो. गिंडीला लोकलमध्ये चढलो, दांड्याला धरून उभा राहिलो, आणि मागून कुणीतरी बोटानं टोचतंय असं वाटलं. वळून बघतो तर शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी तमिळमध्ये मोजत होती. "अण्णा, वळू नका. बारापर्यंत आले होते." डब्यात सगळे बघायला लागले. एक आजोबा म्हणाले, मानेचे सात असतात, पोरीनं मधूनच सुरू केलंय. पुढच्या स्टेशनपर्यंत माझ्या पाठीवर परिसंवाद चालला होता. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं तर त्यांना एकच काळजी. "कमरेचे पांच नीट दिसत होते काय? माझा खडू संपत आला होता."

नकलेचं आता सांगतो. दुसऱ्याच आठवड्यात, बाई यायच्या आधी, मी पदर खोचल्यासारखा टॉवेल खोचून वर्गाला बाई करून दाखवत होतो. "स्नायू ढकलत नाहीं, पा. स्नायू ओढतो. कोणी ढकलतांना दिसला तर पाठीमागें जाऊन पाहा, कोणी तरी ओढत असेल." पोरं हसत होती आणि अचानक हसायची थांबली. बाई दारात.

"मान चुकली," त्या म्हणाल्या.

"सॉरी, मॅडम."

"सॉरी काय? मान चुकली म्हणत्यें. तूं मान फिरवून पाहातोस. माझी मान डावीकडे जात नाहीं, म्हणून मी धडानें वळत्यें. पाहा." त्यांनी वळून दाखवलं. एखादं कपाट सरकवावं तशा. "आतां तूं."

मी केलं.

"छान. आतां सांग, कोणता स्नायू आखडला आहे?"

मी अंदाजानं खांद्यावर हात ठेवला. त्यांनी पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा मला माझ्याच मानेत, कानामागून पात्याच्या कोपऱ्यापर्यंत काहीतरी ताणल्यासारखं झालं. मी तिथं बोट ठेवलं.

"तोच," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. "तुजपाशीं हें आहे. इतरांनीं वाचून शिकायचें, तूं करून शिक." मी त्या दिवशी कॉलर ताठ करून घरी गेलो. ही शाबासकी पुढं मला किती महागात पडणार होती ते मला काय ठाऊक.

शनिवारी लोकांवर प्रॅक्टिस असायची. आजूबाजूचे लोक फुकट मालिशला यायचे. बाईंचे नियम कडक. डॉक्टरचा कागद नसेल तर दुखऱ्या जागेला हात नाही. "आपण डॉक्टर नव्हे, पा. आपण हात." जेवढ्या अंगावर काम तेवढंच उघडं, बाकी टॉवेलखाली. हात ठेवायच्या आधी विचारायचं, हलवायच्या आधी पुन्हा विचारायचं. आणि खोलीत जे दिसलं, ऐकलं, ते खोलीत. "येथें माणूस कपडे काढून ठेवतो. जातांना कपडे घेऊन जातो. बाकीचें येथेंच सोडतो, ह्या भरंवशावर कीं आपण तें रस्त्यावर वाळत घालणार नाहीं."

हे आम्ही वहीत लिहून घेतलं होतं. माझं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं.

त्या शनिवारांतल्या एकात एक माणूस आला. त्याला आपण वेलू अण्णा म्हणू. नाव हे नाही. पुढं जे हॉटेल येईल तेही मी सांगेन त्या जागी नाही, आणि खांदा डावा की उजवा तेही मी बदललंय. त्यामुळं चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत जाऊन शोधू नका. लिहू का, हे मी त्यांना विचारलंय. त्यांनी होय म्हटलंय आणि मिशा काळ्या दाखव म्हटलंय. तर, मिशा काळ्या होत्या.

वय पन्नाशीचं. उजवा खांदा धरलेला, हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरनं व्यायाम सांगितलेले, कागद खिशात. काम काय, तर म्हणाले हॉटेलात वाढतो. मुद्दाम लांब गिंडीला आलो, म्हणाले, आमच्या मालकाला कळायला नको. बाईंनी मान डोलावली आणि मला टॉवेल धरायला उभं केलं.

मी टॉवेल धरला आणि बघितलं. बघणं हे माझ्या हातात नाही. वेलू अण्णा हात वर न्यायचा असला की आधी कमरेतून डावीकडं झुकायचे, मग आख्खं धड फिरवून हात आपोआप वर आल्यासारखा आणायचे, आणि तेवढ्यात चेहऱ्यावर असं हसू, जणू काही ही एक ऐट आहे.

दाजींचं घर गिंडीपासून लांब, म्हणून मी तेव्हा तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहायचो. मॅन्शन म्हणजे नाव मोठं, खोल्या काडेपेटीएवढ्या, सगळे सडेफटिंग. माझा रूम-पार्टनर सेंदिल, मोबाइलच्या दुकानात कामाला. त्या संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला पोरं जमली होती आणि सेंदिल म्हणाला, आज काय नवीन? मी नाव घेतलं नाही. गिंडी म्हटलं, एक पेशंट म्हटलं, बस. बादली घेतली, पळी म्हणून प्लास्टिकचा मग घेतला आणि वेलू अण्णा करून दाखवला. झुकणं, फिरणं, ऐट. पोरं लोळली.

सेंदिल हसता हसता म्हणाला, "अरे, हा तर आपल्या मेसमधला वाढणारा."

मला माहीतच नव्हतं. पोरं कोपऱ्यावरच्या मेसमध्ये जेवायची. मी भाताला कंटाळून रोज पलीकडं चपातीच्या गाड्यावर. माझ्या नकलेतला माणूस माझ्याच गल्लीत दोन वेळा वाढत होता आणि मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

सेंदिल वाईट पोरगा नाही. त्यानं फक्त दुसऱ्या दिवशी जेवताना प्रेमानं विचारलं, "अण्णा, गिंडीची मालिश कशी चाललीय? खांदा काय म्हणतो?" गल्ल्यावरून मालकानं ऐकलं.

पुढच्या शनिवारी वेलू अण्णा आले, पण झोपले नाहीत. दारातच उभे राहून बाईंना म्हणाले, "अम्मा, इथून कुणीतरी सांगितलं. मालकानं मला आत भाजी चिरायला बसवलंय. महिन्याभरात हात वर गेला तर पुन्हा वाढायला घेईन म्हणतात. नाही गेला तर गावी जा. बावीस वर्षं मी पंगतीत आहे."

खाली लेथ बंद होता. मी टॉवेल धरून उभा होतो. कुणाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

बाईंनी आमच्यापैकी कुणाकडंही बघितलं नाही. त्यांनी वेलू अण्णांसमोर हात जोडले. "माझ्या खोलीतून गेलं ते मीच सांगितलं असं समजा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. वेलू अण्णा गडबडले, असं नको अम्मा म्हणाले आणि जिना उतरून गेले.

बाईंनी बाकीच्या पोरांना चहाला पाठवलं. मला म्हणाल्या, "करून दाखीव."

"काय, मॅडम?"

"तेथें केलेंस तें."

मी केलं. आधी गच्चीचं आणि सेंदिलचं सांगून टाकलं. बादली नव्हती, म्हणून तेलाची बाटली घेतली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नकलेला कुणी हसलं नाही. त्या डॉक्टर एक्स-रे बघतात तशा बघत होत्या. मग म्हणाल्या, "फार बरवी आहे. एकही चूक नाहीं."

"मी नाव घेतलं नव्हतं, मॅडम."

"नांव कशास? नांवाचे वेलू ह्या शहरांत हजार असतील. असा खांदा एकच आहे. तूं त्याचा खांदा घेऊन गेलास आणि गच्चीवर मांडलास."

मला रडू येत होतं, पण नकलाकाराचं रडणं कुणाला खरं वाटत नाही, म्हणून मी आवरलं. म्हटलं, मी मालकाकडं जातो, सांगतो माझी चूक, त्यांना काही झालेलं नाही, मी गंमत केली.

"म्हणजे आधीं फोडलेंस, आतां खोटें बोलणार. आणि मालकाशीं बोललास कीं आणखी थोडें बाहेर गेलें."

"मग तुम्ही चला. तुमचं ऐकतील."

"मी गेल्यें कीं पक्कें झालें, हा आमचाच पेशंट. मला जातां येत नाहीं." त्या पहिल्यांदाच थोड्या थकलेल्या वाटल्या. "तूं त्याजकडे जा. एकट्याकडे. मारलें तर अंमळ वांकून घे, पाठ वांचेल."

मी दुपारी चारला, मेस बंद असताना, मागच्या बाजूला गेलो. वेलू अण्णा लाल भोपळा चिरत बसले होते. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी सगळं सांगितलं. त्यांनी चिरणं थांबवलं. हातातली फोड परातीत टाकली. मी जरा वाकून उभा होतो.

मग म्हणाले, "दाखव."

मी इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. केलं.

"मी असा दिसतो?"

"होय, अण्णा."

"पुन्हा." मी पुन्हा केलं. ते विळीच्या पाटावर हात ठेवून बघत राहिले. "तीन महिने मला वाटत होतं, कुणाच्या लक्षात येत नाही. मला वाटायचं मी झोकात वाढतोय." आणि हसले. फार नाही. मग म्हणाले, "मालक करता येतो का तुला?"

"मालकांना मी बघितलं नाही अजून."

"शनिवारी मी येतो. तू चपाती सोड. इथं जेवायला ये. म्हणजे येईल."

मी हे बाईंना सांगितलं. वेलू अण्णा शनिवारी येणार आहेत म्हटल्यावर त्यांनी खडूचा डबा उघडला आणि बंद केला, उगाचच. मग मी विचारलं, मालकाची नक्कल केली तर चालेल का? त्यांनी खूप विचार केला. "मालक पेशंट नाहीं," त्या म्हणाल्या. "कर."

महिना असा गेला. हात बाईंचे, मी फक्त कोपर धरायचं. "ओढूं नकोस. वजन घे. त्यास वाटूं दे, हात त्याचा नाहीच." वेलू अण्णांच्या हाताचं सगळं वजन माझ्या तळव्यात यायचं आणि मी हलायचो नाही, बोलायचो नाही. बोट भिंतीवरून चालवत वर न्यायचा व्यायाम ते घरी करायचे. किती वर गेलं याची बाई भिंतीवर खडूनं खूण करायच्या, शेजारी नाव न लिहिता. तिसऱ्या शनिवारी वेलू अण्णांनी झोपल्या झोपल्या म्हटलं, मालकाचं झालं का तयार? मी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "पांच मिनिटें." मी मालक केला, गल्ल्यावर बसून सुट्टे नाहीत म्हणणारा. वेलू अण्णांचा खांदा हसण्यानं असा सैल झाला की बाई म्हणाल्या, "थांबूं नकोस, थांबूं नकोस," आणि कोपर आणखी दोन बोटं वर गेलं.

कोर्स संपला तेव्हा बाईंनी सगळ्यांच्या कार्डावर सह्या केल्या. माझ्या कार्डावर हाडं आणि स्नायू यांच्यापुढं शाईनं केली. वर्तणुकीपुढं पेन्सिलनं.

"मॅडम, शाई कधी?"

"म्हातारा झालास कीं ये." त्या त्याच आठवड्यात शिकवणं सोडून कोइंबतूरला भाचीकडं राहायला जाणार होत्या.

बाई जायच्या आधीच्या रविवारी मी आणि सेंदिल मेसमध्ये पान मांडून बसलो होतो. रविवारी देवळातून येणारे घरचे लोकही तिथं जेवतात. वेलू अण्णांना मालकानं त्या दिवशी पहिल्यांदा पुन्हा पंगतीत घेतलं होतं आणि स्वतः गल्ल्यावरून नजर ठेवून होता. तेवढ्यात अंबुजाबाई आल्या. एकट्या. माझ्या समोरच्या रांगेत, दोन पानं सोडून बसल्या. मी तोंड उघडणार होतो. त्यांनी माझ्यावरून नजर अशी नेली जशी आपण खांबावरून नेतो, आणि पानावर पाणी शिंपडून पुसलं.

वेलू अण्णा सांबाराची बादली घेऊन आले. बाईंच्या पानाशी थांबले. हात वर आला, न झुकता, न फिरता, आणि पळी नीट भातावर रिकामी झाली. बाई पानाकडं बघत होत्या. आयुष्यभर हाडं बघितलेली ती बाई, समोर तो खांदा, आणि त्यांनी मान वर केली नाही. "पोदुम," म्हणाल्या. पुरे. त्यांना कधी बघितलंच नसावं तसे वेलू अण्णा पुढच्या पानाकडं गेले. मला दोघांच्याकडं बघवेना. मी भातात बघत बसलो.

जेवून, हात धुऊन, बाई गल्ल्याशी गेल्या. मालकानं सवयीनं विचारलं, जेवण कसं होतं? त्यांनी पिशवीतून छत्री काढली.

"मीठ कमी होतं," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "वाढणारा माणूस मात्र चांगला ठेवलाय. सोडू नका त्याला."

आणि उन्हात छत्री उघडून, गल्लीत उभ्या असलेल्या स्कूटरींमधून अंग चोरत निघून गेल्या.

सेंदिलनं कोपरानं ढोसलं. "कोण रे या? भारी आहेत. ओळखीच्या आहेत का?"

"नाही," मी म्हटलं, आणि रसम मागितलं.